खंडेनवमीची बातमी

जे आता लिहितो आहे ते माझ्या तोंडून आजवर कुणी ऐकलेलं नाही. आईला सांगितलं असतं, पण ती तोवर गेली होती. बायकोला सांगितलं असतं, पण ती कधी झालीच नाही. जन्मभर मी गावच्या बातम्या देत आलो—कुणाची म्हैस विहिरीत पडली, कुठल्या गल्लीत नळ आला नाही, कोणत्या पुढाऱ्यानं कशाचा नारळ फोडला. बातमी पोटात ठेवायची नाही, हाच माझा धंदा. आणि ही एकच बातमी अशी, की तिच्यावर मी इतकी वर्षं मांडी घालून बसलो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जातंय. की हेही माझं पळणंच? असेल. मला पळण्याची सवय आहे.

जालन्यात, बाजाराच्या तोंडाशी माझं वर्तमानपत्रांचं दुकान. जोडीला वह्या, पेन्सिली, शाळा उघडायच्या दिवसांत दप्तरं. औरंगाबादहून निघणाऱ्या एका दैनिकाचा मी इथला वार्ताहर. छापताना माझं नाव यायचं नाही, ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढंच यायचं. पण तो वार्ताहर म्हणजे दुकानातला वसंता, हे अख्ख्या गावाला ठाऊक. जालना जिल्हा झाला, तेव्हाची बातमी मी दिली होती. लोकांनी मला पेढे भरवले, जणू जिल्हा मीच केला. कलेक्टर येणार, कचेऱ्या येणार, आता जालन्याला काय कमी! ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण मी त्या वर्षात इतक्यांदा छापली, की संपादकांनी निरोप पाठवला—पाळणा पुरे, आता बाळाचं बघा.

बाळाचं बरं नव्हतं. कचेऱ्या आल्या आणि कापसातली सरकी काढणाऱ्या जिन बंद पडत चालल्या. पूर्वी कापसाच्या दिवसांत गावाच्या अंगावर रुईचे तंतू उडत असायचे. माणूस घरी गेला की आधी दारात उभा राहून डोकं झटकायचा. भोंगा झाला की बायका तवा चुलीवर टाकायच्या. मग एक भोंगा थांबला, मग दुसरा. तिकडं औद्योगिक वसाहतीत लोखंडाचे कारखाने उभे राहत होते, बियाणांच्या कंपन्या नाव काढत होत्या, हे खरं आहे. गाव काही मरत नव्हतं. पण नव्या कारखान्यांना नवी माणसं लागत होती, आणि जुन्या माणसांचं काय करायचं हे कुणाच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं.

त्या जुन्या माणसांत एक होता रंगनाथ. तो जिनमध्ये फिटर होता. चामड्याचे रोलर बसवायचे, घासले की बदलायचे, यंत्रांची एक आख्खी रांग चालती ठेवायची—हे त्याचं काम. यंत्रांच्या आवाजानं त्याचा डावा कान गेला होता. मूळचा तो अंबडकडचा, लहानपणीच जालन्यात आलेला. शाळा त्याची चौथीपर्यंतच झाली होती, अक्षरं जुळवायला त्याला वेळ लागायचा. म्हणून रोज संध्याकाळी, भोंगा झाला की तो माझ्या दुकानापुढच्या बाकावर येऊन बसायचा, उजवा कान माझ्याकडं करायचा आणि म्हणायचा, “काय म्हणतंय गाव? वाच.”

मी वाचायचो. आमच्या जिल्ह्याचं पान, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. तो ऐकायचा आणि मध्ये मध्ये शेरे मारायचा. एखाद्या पुढाऱ्याचं भाषण आलं की म्हणायचा, पुढं सरक. माझी चेष्टा करायचा—गावभरच्या लग्नाच्या बातम्या देतो, स्वतःची कधी देणार? मी हसायचो. खरं सांगू? दिवसभरात माझ्याशी दुकानाबाहेरचं बोलणारा तो एकटाच होता. गिऱ्हाईक बोलतं, पुढारी बोलतो, पण त्यांना काहीतरी हवं असतं. रंगनाथला काही नको असायचं. त्याला फक्त ऐकायचं असायचं, आणि मला—मला ऐकणारा हवा होता. हे तेव्हा कळलं नव्हतं. तो गाव सोडून गेला तेव्हा कळलं.

कारण मग त्याचीही जिन बंद पडली. मालकाची मुलं मुंबईला स्थायिक झाली होती, त्यांना सरकीच्या वासात रस नव्हता. एका हंगामात भोंगा वाजलाच नाही. रंगनाथ काही महिने बसून राहिला, मग कुणाच्या तरी ओळखीनं औरंगाबादच्या एका कंपनीत लागला. बायको कौसाबाई आणि शाळेत जाणारी मुलगी सुमन, दोघींना त्यानं तिकडं नेलं. जाण्याच्या दिवशी मी स्टँडवर गेलो होतो. भांड्यांचं पोतं टपावर चढवताना तो म्हणाला, दिवाळी झाली की कंपनी कायम करणार आहे. मी म्हणालो, वा, चांगलं झालं. बातमी द्यायला मी किती सराईत होतो बघा—मनात एक, कागदावर एक.

त्यानंतरच्या संध्याकाळी कशा होत्या ते कसं सांगू? बाक रिकामा. पेपर पुढ्यात. एकदा मी सवयीनं मोठ्यानं वाचायला लागलो, आणि समोरून जाणाऱ्या एका बाईनं वळून बघितलं. मी पेपर मिटला. दुकान बंद करून मागच्या खोलीत जायचो, सकाळची भाकर खायचो, आणि झोप येईस्तोवर भिंतीकडं बघत पडायचो. माणसाला माणूस लागतं, हे वाक्य मी कितीतरी सत्कार समारंभांच्या बातम्यांत लिहिलं असेल. मला वाटायचं ते नुसतं वाक्य आहे.

आता इथं थांबावंसं वाटतंय. पुढचं तेच आहे जे सांगायचं आहे.

त्याआधी जिनमधली एक रीत तुम्हाला माहीत असायला हवी. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, जिनमध्ये यंत्रांची पूजा व्हायची. ज्या फिटरनं ज्या रांगेपुढं नारळ फोडला, ती रांग त्या हंगामात त्याची. कागद नाही, सही नाही, काही नाही. जिनचे हिशेब बघणारे मुनीमजी नुसते हात जोडून उभे असायचे. त्यांनी बघितलं, म्हणजे झालं. आणि त्या दिवशी जो नसेल त्याची रांग दुसऱ्याला जायची, मग तो कितीही जुना असो. एकदा एका फिटरची आई आदल्या दिवशी वारली होती. तो तरी आला, सुतक म्हणून पूजेला न शिवता लांब उभा राहिला, आणि त्याच्या नावानं शेजाऱ्यानं नारळ फोडला. खंडेनवमी चुकवायची नाही, ही गोष्ट या माणसांच्या रक्तात होती.

हे मला माहीत होतं. नीट माहीत होतं.

नवरात्र जवळ आलं होतं. मी पाकीट तयार करत होतो—रोजचंच. नगरपालिकेची सभा, एक अपघात, एका शाळेची वक्तृत्वस्पर्धा. बातम्या लिहून पाकिटात घालायच्या आणि औरंगाबादला जाणाऱ्या संध्याकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरकडं द्यायच्या, अशी पद्धत होती. शेवटचा कागद अर्धा कोरा राहिला होता. त्यावर मी लिहिलं—येथील बंद असलेली जुनी जिनिंग येत्या हंगामात पूर्ववत सुरू होत असून, खंडेनवमीस यंत्रपूजा होणार असल्याचे विश्वसनीय सूत्रांकडून समजते. जुन्या कामगारांना प्राधान्य देण्यात येईल.

सूत्र कुठलंच नव्हतं. कुणीही मला काही बोललं नव्हतं. बाजारात अफवासुद्धा नव्हती.

मी का लिहिलं? बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की गावाला जरा धीर यावा म्हणून. नंतर सांगायला लागलो, की गंमत म्हणून, संपादक काढूनच टाकतील असं वाटलं म्हणून. मग आणखी एक शोधून काढलं—मला वाटलं तो सणापुरता येईल, दोन संध्याकाळी बाकावर बसेल आणि परत जाईल. हे सगळं खोटं आहे. खंडेनवमी हा शब्द मी निवडून घातला. बाकी वाचकांच्या डोळ्यांखालून तो नुसता गेला असता; जिनमधल्या माणसाला तो भोंग्यासारखा ऐकू येणार होता. ती बातमी गावासाठी नव्हती. ती एकट्या रंगनाथसाठी होती. मला तो परत हवा होता, आणि त्याचं तिकडं बरं चाललेलं असणं मला सहन होत नव्हतं.

पाकीट हातात घेऊन मी स्टँडवर गेलो. गाडी उशिरा सुटली, कंडक्टर चहा पीत उभा होता. पाकीट परत मागायला पुष्कळ वेळ होता. मी तिथं उभा राहून गाडी वळणाआड जाईपर्यंत बघत राहिलो.

बातमी छापून आली, चौकटीत. कंपनीच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी ती मोठ्यानं वाचली, आणि रंगनाथनं ऐकली. हे मला त्यानंच मागाहून सांगितलं, आनंदानं सांगितलं. कौसाबाई म्हणाली होती, आधी एकटे जाऊन बघून या, पोरीची शाळा मध्येच कशाला मोडता. पण कंपनीत त्या दिवसांत रजा मिळत नव्हती, जो जाईल त्यानं परत येऊ नये असा साहेबांचा दम होता. आणि रंगनाथकडं एक उत्तर होतं, ज्याच्यापुढं कौसाबाईचं काही चाललं नाही. वसंतानं लिहिलंय, तो म्हणाला. झालं. खोली सोडली, भांड्यांचं पोतं पुन्हा टपावर चढलं, आणि अष्टमीच्या संध्याकाळी तो माझ्या बाकावर येऊन बसला. उजवा कान माझ्याकडं.

“वाच. तीच बातमी वाच आधी. मला तुझ्या तोंडून ऐकायची हाय.”

मी वाचली. ‘विश्वसनीय सूत्रांकडून’ या शब्दांवर अडखळलोसुद्धा नाही. त्याच क्षणी सांगता आलं असतं, नाही? अजून कंपनीचं दार कदाचित उघडं असतं. सकाळच्या गाडीनं तो गेला असता, साहेबाच्या पाया पडला असता. पण तो किती खुशीत होता! त्यानं माझी नेहमीची चेष्टा केली, मी हसलो. कितीतरी महिन्यांनंतर मी हसलो होतो. ती संध्याकाळ मी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी जिनच्या फाटकापुढं बरीच माणसं जमली. मी एकट्यासाठी लिहिलं होतं, पण पेपर काही एकट्याच्या घरी जात नाही. कुणी भोकरदनकडून आलेलं, कुणी परतूरकडून, प्रत्येकाच्या हातात नारळ, बऱ्याच जणांच्या अंगावर धुतलेली कापडं. मी रस्त्याच्या पलीकडं, पानाच्या टपरीशी उभा होतो. फाटकाला कुलूप. राखणदार सांगून सांगून थकला, की कुणी येणार नाही, कसली पूजा, काय नाही. लोकांना पटेना, पेपरात आलंय, ते म्हणायचे. शेवटी त्यानं वैतागून कुलूप काढलं आणि म्हणाला, जा, बघा.

आत शेड रिकामी होती. यंत्रं आधीच भंगारात निघून गेली होती. ओळीनं नुसते सिमेंटचे ओटे, आणि त्यांतून वर आलेले गंजके बोल्ट. ही खरी बातमी होती, आणि गावच्या वार्ताहराला ती माहीत नव्हती. खोटी लिहायच्या नादात खरीकडं बघायला मी गेलोच नव्हतो. रंगनाथ आपल्या रांगेपाशी गेला. थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं त्या ओट्यावर नारळ फोडला, पाणी शिंपडलं, हात जोडले, आणि बाहेर आला. मी फाटकापर्यंत आलो होतो, म्हणून मला ते दिसलं. दिसायला नको होतं.

मग लोकांचं लक्ष माझ्याकडं गेलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात—कुणी काही बोलायच्या आत माझे पाय मागं सरकले होते. हाच तो पेपरवाला, कुणीतरी म्हणालं, आणि दोघंतिघं माझ्या अंगावर आले. रंगनाथ मध्ये पडला. त्यानं मला पाठीशी घातलं.

“वसंता खोटं न्हाई लिहीत,” तो म्हणाला. “बिलकुल न्हाई. त्याला कोनीतरी चुकीचं सांगितलं आसंल.” मग माझ्याकडं वळला. “कोन बोल्लं तुला? बराबर सांग.”

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. आणि मी म्हणालो, मुनीमजी.

का मुनीमजी? कारण ते जिन बंद पडल्यावर मारवाडात आपल्या गावी निघून गेले होते, आणि आता परत कुठले येतात? म्हातारा, सरळ माणूस. कामगाराच्या घरी लग्न असलं की पहिला आहेर त्यांचा असायचा. एक खोटं झाकायला मी हाताला सर्वात जवळचा, सर्वात निरुपद्रवी माणूस उचलला. रंगनाथनं मागं वळून रिकाम्या शेडकडं बघितलं. मग म्हणाला, “त्यांनी तरी आसं करायला नको हुतं.”

कंपनीनं त्याला परत घेतलं नाही. लोखंडाच्या कारखान्यात हमाली करून बघितली, पण भट्टीजवळची ती धग त्याला या वयात सोसेना. सुमनची शाळा जी मोडली ती मोडलीच. पुढं लवकरच लग्न करून तिला धावडा गावी दिली. हुशार पोर होती. पेपरातलं मोठमोठ्यानं वाचून दाखवायची बापाला, म्हणजे खरं तर तिकडं माझं काम तिनं घेतलं होतं. कितीतरी दिवसांनी मला हेही कळलं, की औरंगाबादला त्याला ऐकवणारं कुणी नसेल, तो माझ्यावाचून सुना झाला असेल, असं जे मी धरून चाललो होतो ते खरं नव्हतं. सुना मी एकटाच होतो.

आणि मला जे हवं होतं ते मिळालं. रंगनाथ रोज संध्याकाळी बाकावर येऊ लागला. वर्षानुवर्षं आला. मी वाचायचो, तो ऐकायचा. पण पूर्वी मी एकटा असायचो तो बाक रिकामा असला की; आता बाक भरलेला असतानाही मी एकटाच असायचो. तो हातभर अंतरावर बसलेला, आणि आमच्या मध्ये ती चौकटीतली बातमी. एकदा कौसाबाई दुकानात आली होती. जाताना म्हणाली, “भाऊजी, तुमची संगत हाय म्हून बरं हाय. न्हाईतर हे येडे झाले असते.” त्या दिवशी मी दुकान लवकर बंद केलं.

गाव बदलत राहिलं. रेल्वेची मोठी लाइन, म्हणजे ब्रॉडगेज, आली. जिनची जागा विकली गेली, तिथं मंगल कार्यालय उभं राहिलं, आणि रंगनाथ त्याच फाटकावर राखणदार म्हणून लागला. लग्नसराईत तिथं बँड वाजतो तेव्हा तो डावा कान तिकडं करून बसतो, म्हणजे त्रास होत नाही. हा त्याचाच विनोद आहे.

मग एका लग्नासाठी मुनीमजी आले. होय, आले. मोठ्या लाइनीनं काय काय आणावं! पार वाकलेले, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून ते जुना बाजार बघत चालले होते, आणि बाकावर आम्हा दोघांना बघून त्यांचा चेहरा असा फुलला—मला तो आठवतो. त्यांनी रंगनाथला नावानं हाक मारली. रंगनाथ उठला, पण हात जोडायला नाही.

“मुनीमजी, तुमच्या एका शब्दानं माझं घर बसलं,” तो म्हणाला. “पोरीची शाळा गेली. तुमच्यावर इस्वास ठेवला आमी.”

म्हाताऱ्याला काही समजेना. त्यांनी रंगनाथकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं—मी सांगेन, मी उलगडून देईन, शिकलेला माणूस आहे, अशा नजरेनं. मी पेपरचा गठ्ठा सारखा करत होतो. तो आधीच सारखा होता.

मग त्यांनी हात जोडले. “रंगनाथ, मला काही याद नाही रे. पण माझ्या तोंडून काही निघालं असेल, तर माफ कर भाई.”

जे त्यांनी केलंच नव्हतं त्याची माफी त्यांनी माझ्या दुकानापुढं, माझ्या देखत मागितली. आणि मी मागू दिली. रंगनाथ परत बाकावर बसला. मुनीमजी नातवाला घेऊन हळूहळू गेले. पुढं काही काळानं ते गेल्याचं कळलं. त्यांच्या निधनाची बातमी मीच दिली, ‘मनमिळाऊ स्वभावाचे’ असं त्यात लिहिलं.

सांगायचं ते एवढंच. यात माझ्या बाजूनं बोलण्यासारखं काही नाही, आणि मी शोधणंही सोडलं आहे. रंगनाथ आहे. कौसाबाई थकली आहे. सुमनची पोरं आता शाळेत जातात. त्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदू चढलाय, चौथीची ती अक्षरंही आता त्याला दिसत नाहीत. पेपरचं कार्यालय इथंच निघालंय, पाकीट गाडीवर द्यायची गरज उरलेली नाही. अनोळख्यांना सांगायचं म्हणून लिहायला घेतलं होतं, पण हे लिहिलेलं मी उद्या स्वतः जाऊन देणार आहे, जिल्ह्याच्या पानासाठी, आणि या वेळी खाली माझं नाव घालायला सांगणार आहे.

ते छापून येईल त्या दिवशीही तो येईल. दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यानं ऐकण्याआधी मी त्याला बोलावून घेईन. तो बाकावर बसेल, उजवा कान माझ्याकडं करील आणि विचारील, काय म्हणतंय गाव?

आणि मग म्हणेल, वाच.